जबडा दुखत असेल, तर आधी झोपेचं बोला

जबडा दुखतो म्हणून खुर्चीत येऊन बसलेल्या माणसाला तोंड उघडायला सांगण्याआधी मी विचारायचे, ‘‘रात्री झोप कशी लागते?’’ बरेच जण गोंधळून जायचे. दातांच्या डॉक्टरीणबाईंना आपल्या झोपेशी काय करायचंय, असा भाव चेहऱ्यावर दिसायचा. हा प्रश्न विचारायची सवय मला माझ्या सरांनी लावली. त्यांच्या काळी त्यामागचं शास्त्र फारसं कुणी तपासलेलं नव्हतं, त्यांना ते रुग्ण बघून बघून उमगलं होतं. आज संशोधनही तेच सांगतं. दवाखाना मी आता बंद केला. पण घरातली, शेजारपाजारची तरणी पोरं कानापुढे बोट ठेवून ‘‘आजी, इथं दुखतं’’ म्हणत येतात, तेव्हा त्यांना जे सांगते ते इथे सगळ्यांसाठी लिहिते आहे. पोरांनो, एवढं पक्कं धरा : जबडा आणि झोप यांचा इलाज एकत्र करायचा असतो. एकाला सोडून दुसऱ्याच्या मागे लागलात, तर दोन्ही रखडतात.

पहिला कानमंत्र : सांधा ओळखून घ्या

दोन्ही कानांच्या अगदी पुढे बोटं टेकवा आणि सावकाश तोंड उघडून मिटा. बोटांखाली सरकतो तो जबड्याचा सांधा. डॉक्टर त्याला टीएमजे म्हणतात. खालच्या जबड्याचं गोलसर टोक कवटीच्या खोबणीत बसतं आणि दोन्हींच्या मध्ये चिवट तंतूंची एक पातळ चकती असते. तोंड उघडताना हे टोक आधी जागच्या जागी फिरतं, मग चकतीला घेऊन पुढे सरकतं. डावा आणि उजवा हे दोन्ही सांधे एकाच हाडाने जोडलेले असल्यामुळे एक दुखायला लागला की दुसऱ्यालाही आपली चाल बदलावी लागते.

चकती जागेवरून थोडी घसरली की तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज येतो. आवाज येतो पण दुखत नाही, तोंडही पुरेसं उघडतं, असं असेल तर त्याच्या मागे लागू नका. तो आवाज कितीतरी लोकांच्या सांध्यात असतो आणि आयुष्यभर त्रास देत नाही. मैत्रिणींना ऐकवायला म्हणून मुद्दाम वाजवून मात्र दाखवू नका.

दुखणं बऱ्याचदा सांध्यापेक्षा स्नायूंचं असतं. गालातला चावण्याचा स्नायू आणि कानशिलावर पसरलेला स्नायू, हे त्यातले मुख्य. कानशिलावर हात ठेवून दात आवळून बघा, तो स्नायू हाताखाली फुगतो. या स्नायूंचं दुखणं डोकेदुखी, कानदुखी किंवा दाढदुखी बनून समोर येतं. म्हणून चांगली दाढ काढून टाकण्याची घाई करू नका. आणि कान दुखला की कोमट तेल सोडायची आपल्याकडची जुनी सवय आता सोडा. कानाच्या पडद्याला भोक असेल तर त्या तेलाने नवं दुखणं उभं राहतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कान तपासून ‘स्वच्छ आहे’ म्हटलं, की जबड्याकडे बघायचं.

दुसरा कानमंत्र : झोपेला नुसती बळी समजू नका

दुखण्याने झोप मोडते, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. उलट्या बाजूचं मात्र लोकांना माहीत नसतं. अपुऱ्या, तुटक झोपेमुळे मेंदूची वेदना दाबून धरण्याची ताकद कमी होते. रेडिओचा आवाज कुणीतरी वाढवून ठेवावा, तसं काल सोसण्याजोगं असलेलं दुखणं आज असह्य वाटतं, आणि सांध्यात नवीन काहीच बिघडलेलं नसतं.

अमेरिकेत ‘ऑपेरा’ नावाचा एक मोठा अभ्यास झाला. जबड्याचं कुठलंही दुखणं नसलेल्या, १८ ते ४४ वयाच्या हजारो माणसांवर त्यात वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांना पुढे जबड्याचं दुखणं सुरू झालं, त्यांची झोप दुखण्याच्या आधीच ढासळत गेल्याचं त्यात दिसून आलं. म्हणजे झोपेने आधी इशारा दिला होता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली जबड्याच्या दुखण्याच्या ५३ रुग्णांची रात्रभर झोपेची तपासणी केली, तेव्हा ३६ टक्क्यांना निद्रानाश आणि २८ टक्क्यांना झोपेत श्वास अडकण्याचा विकार निघाला. हे आकडे मी तुम्हाला घाबरवायला देत नाही. जबड्याचे उपचार करूनही गुण येत नसेल, तर बघायचं राहून गेलेलं ठिकाण कोणतं, ते कळावं म्हणून देते.

तिसरा कानमंत्र : झोपेत दात खाण्यावर सगळं खापर फोडू नका

झोपेत दात खाणं, म्हणजे दातांवर दात करकर घासणं किंवा घट्ट आवळून धरणं, बहुतेक वेळा उथळ झोपेत होतं. कॅनडातल्या माँट्रियल इथे जिल लाविन यांच्या गटाने झोपेच्या प्रयोगशाळेत याचा क्रम टिपला. आधी मेंदूत अर्धवट जागं होण्याची हालचाल दिसते, हृदयाचे ठोके वाढतात आणि त्याच्या मागोमाग जबड्याचे स्नायू आवळले जातात. झोप आधी ढवळते आणि दात त्यानंतर वाजतात. म्हणून झोप शांत करणं हा दातांचाही उपाय आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. न्यूयॉर्क विद्यापीठात २०१२ साली जबड्याचे स्नायू दुखणाऱ्या शंभराहून जास्त स्त्रियांची झोप तपासली. त्या दुखणं नसलेल्या स्त्रियांपेक्षा जास्त दात खात नव्हत्या. फरक पुढच्या तपासणीत कळला : दात खात नसतानाच्या वेळीही त्यांचे स्नायू पुरते सैल होत नव्हते. थोडा ताण रात्रभर राहत होता. त्यामुळे नवरा किंवा बायको ‘‘तू रात्री दात खातोस’’ म्हणाली, की दुखण्याचं कारण सापडलंच असं मानू नका. दात खाणारे कितीतरी जण सकाळी ताजेतवाने उठतात. २०१८ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एकमताने हेच सांगितलं की निरोगी माणसाचं दात खाणं हा स्वतः रोग नाही, ती एक वागणूक आहे. दात झिजत असतील, दुखत असेल, तेव्हाच तिचा बंदोबस्त करायचा.

लहान मुलांबद्दल तर आवर्जून सांगते. मूल झोपेत दात खायला लागलं की ‘‘जंत झालेत’’ म्हणून औषध पाजणारी घरं मी खूप पाहिली. जंतांमुळे दात खातात याला भक्कम पुरावा नाही. बहुतेक मुलांची ही सवय वाढत्या वयात आपोआप जाते. पण मूल घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, दिवसा चिडचिड करत असेल, तर टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी वाढल्या आहेत का, ते डॉक्टरांना दाखवून घ्या.

चौथा कानमंत्र : दुखण्याची वेळ लिहून ठेवा

डॉक्टरकडे जाण्याआधी दोन आठवडे एका वहीत रोज चार ओळी लिहा. अंथरुणावर किती वाजता पडलो, उठलो किती वाजता, रात्री किती वेळा जाग आली. शेवटचा चहा कधी घेतला. सकाळी उठल्यावर जबडा किती दुखला आणि संध्याकाळी किती, हे शून्य ते दहा या आकड्यांत. कुणी घोरण्याबद्दल काही म्हणालं का.

उठल्याउठल्या गाल आणि कानशिलं जड असतील आणि दुपारपर्यंत सुटत असतील, तर रात्रीकडे बघायचं. सकाळी बरं आणि संध्याकाळी दुखणं वाढत असेल, तर दिवसभरच्या दात आवळण्याकडे. परीक्षेला बसलेली मुलं, संगणकासमोर तासन्‌तास बसणारे, स्कूटर चालवताना रस्त्यावरच्या गर्दीशी झगडणारे, हे सगळे नकळत दात आवळून बसतात. ही वही डॉक्टरांच्या हातात द्या. ती वाचून चांगल्या डॉक्टरला एक्स-रेच्या आधीच अर्धी दिशा मिळते.

पाचवा कानमंत्र : ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला

माझ्या सगळ्या कानमंत्रांतला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा. दात एकमेकांना लागायचे ते जेवताना आणि गिळताना. चोवीस तासांत ही वेळ सगळी मिळून साधारण वीस मिनिटांच्या आतच असते. बाकी सगळा वेळ वरच्या-खालच्या दातांत दोन ते चार मिलिमीटरची फट असायला हवी. ‘न’ म्हणा आणि जीभ जिथे टेकली तिथेच राहू द्या. ओठ अलगद मिटा, दात सुटे ठेवा आणि श्वास नाकाने घ्या.

हे एकदा वाचून होत नाही, दिवसभर आठवावं लागतं. फोनच्या मागे एक रंगीत टिकली लावा. कुकरची शिट्टी झाली, सिग्नलला थांबलात, फोन वाजला, की जबडा तपासा. आवळलेला सापडला तर स्वतःवर रागावू नका, नुसता सोडून द्या. खांदेही त्याबरोबर खाली सोडा. फोन कान आणि खांद्यात धरून बोलणं मात्र बंदच करा. दिवसभर सुटा राहायला शिकलेला स्नायू रात्री अंथरुणावर कमी ताण घेऊन येतो.

सहावा कानमंत्र : जबड्याला विश्रांती द्या, उपास नको

दुखणं जोरात असेल तेव्हा काही दिवस मऊ खा. खिचडी, वरण-भात, उपमा, दुधात कुस्करलेली भाकरी, शिजवलेल्या भाज्या. ऊस दातांनी सोलणं, चिक्की, फुटाणे, सुकं खोबरं, चिंगम हे बाजूला ठेवा. वडापाव असो की आख्खं सफरचंद, आ वासून चावू नका, तुकडे करून खा. घास लहान घ्या आणि दोन्ही बाजूंनी चावा. जांभई आली की जीभ टाळूला लावा किंवा हनुवटीखाली मूठ धरा, म्हणजे सांधा एकदम ताणला जात नाही.

पण महिनोन्‌महिने पेजेवर राहू नका. वापर थांबला की स्नायू दुबळा होतो आणि सांधा आखडतो. दुखणं उतरलं की पोळी, मग भाकरी, मग कोशिंबीर, असं हळूहळू नेहमीच्या जेवणावर या.

जेवणाची वेळही सांभाळा. आमची आजी दिवेलागणीनंतर फार उशिरा कुणाला जेवू द्यायची नाही. तिच्या शिस्तीमागचं एक कारण मला दंतवैद्यक शिकल्यावर कळलं. पोटातलं आम्ल अन्ननलिकेत वर आलं की झोप चाळवते, आणि असा त्रास असलेल्यांत झोपेत दात खाणंही जास्त आढळतं. जेवण आणि अंथरूण यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा.

सातवा कानमंत्र : चहा, तंबाखू आणि सुपारीचा हिशेब करा

चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायलाही साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला घेतलेला कप मध्यरात्रीनंतरही अंगात असतो. शेवटचा चहा दुपारी चारच्या आत उरका. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण उत्तररात्री ती तुटक होते आणि घसा सैल पडून घोरणं वाढतं. तंबाखूतलं निकोटीन मेंदूला जागं ठेवतं. आयाबायांनो, हे मिश्रीलाही लागू आहे. झोपायच्या आधी मिश्री लावून पडणाऱ्या बायका ‘‘झोपच येत नाही’’ म्हणतात, तेव्हा कारण त्यांच्या हिरडीवरच असतं.

सुपारी आणि गुटख्याबद्दल मात्र मी हात जोडून सांगते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो खाल्ला जातोच. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर कडक होतं, तिखट लागलं की जळजळतं आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं. माणूस म्हणतो, ‘‘जबडा आखडलाय.’’ पण सांधा चांगला असतो. हा सबम्युकस फायब्रोसिस नावाचा विकार असतो आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. आपली तीन बोटं उभी करून समोरच्या दातांत घालून बघा. ती जात नसतील तर शेक-मालीश करत बसू नका, दंतवैद्याकडून तोंड आतून तपासून घ्या.

आठवा कानमंत्र : झोपण्याआधी वीस मिनिटं जबड्याची

सुती टॉवेल गरम पाण्यात बुडवून पिळा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून चटका बसत नाही ना बघा, आणि दोन्ही गालांवर व कानशिलांवर पंधरा ते वीस मिनिटं धरा. टॉवेल निवला की पुन्हा गरम करा. तव्यावर गरम केलेली कापडाची घडीही चालेल. मार लागून ताजी सूज आली असेल, तर पहिले दोन दिवस गरम नको, कपड्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावा. मधुमेहामुळे किंवा अन्य कारणाने चेहऱ्याला स्पर्श कमी कळत असेल, तर शेक दुसऱ्याकडून तपासून घ्या.

शेक झाल्यावर बोटांच्या टोकांनी गालाचा स्नायू वरून खाली हलक्या हाताने चोळा. मग जीभ टाळूला टेकवून, ती सुटणार नाही एवढंच तोंड सावकाश उघडा आणि मिटा. असं पाच-सहा वेळा पुरे. दुखेपर्यंत ओढायचं नाही. जोर लावून ताणणारे व्यायाम मनाने करू नका, ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. शेवटी अंथरुणावर पडून काही मिनिटं लांब उच्छ्वास सोडा. उच्छ्वासाबरोबर खालचा जबडा आपल्या वजनाने सुटतो.

नववा कानमंत्र : अंथरुणाचे नियम पाळा

पोटावर झोपू नका, मान आणि जबडा रात्रभर एका बाजूला मुरगळलेले राहतात. पाठीवर किंवा कुशीवर झोपा. कुशीवर असाल तर खांदा आणि कान यांतलं अंतर भरेल एवढी उशी घ्या, आणि गालाखाली तळहात किंवा मूठ घेऊ नका. घोरणाऱ्यांना पाठीपेक्षा कूस बरी.

उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रविवारीसुद्धा. झोप लागत नसेल तर वीसेक मिनिटांनंतर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा आणि डोळे मिटायला लागले की परत या. अंथरुणात फोन नको. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागतेच. पुण्या-मुंबईत परदेशी कंपन्यांसाठी रात्रपाळी करणाऱ्या मुलांनी दिवसाची झोपही रात्रीसारखी जपायची असते. खोलीत पूर्ण अंधार, घरच्यांना वेळ सांगून ठेवलेली, दारावरची बेल बंद.

तीन महिन्यांहून जास्त काळ आठवड्यातल्या बऱ्याच रात्री झोप येत नसेल, तर तो निद्रानाश आहे. त्यावर पहिला उपाय म्हणून अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली गोळ्यांऐवजी वर्तन आणि विचार बदलण्याची एक ठरावीक उपचारपद्धती सुचवली. मानसशास्त्रज्ञ ती शिकवतात. दुकानातून झोपेची गोळी आणून खाणं हा उपाय नाही.

दहावा कानमंत्र : घोरणं हसण्यावारी नेऊ नका

जोरात घोरणं, मध्येच श्वास थांबून गुदमरल्यासारखं जागं होणं, सकाळी डोकं जड, तोंडाला कोरड, दिवसा बसल्याजागी डुलक्या, ही झोपेत श्वास अडकण्याची लक्षणं आहेत. बायकांमध्ये घोरणं कमी आणि थकवा, डोकेदुखी, तुटक झोप जास्त, असं रूप असू शकतं, म्हणून त्यांचं निदान मागे पडतं. ‘ऑपेरा’ अभ्यासात अशी लक्षणं असलेल्यांना पुढे जबड्याचं दुखणं होण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त आढळलं होतं.

म्हणून दातांवर बसवायचा नाइट गार्ड घेण्याआधी स्वतःला घोरण्याबद्दल विचारा. श्वास अडकण्याचा विकार असलेल्या काही रुग्णांत वरच्या दातांवरच्या साध्या गार्डने तो विकार वाढल्याचं दिसलं आहे. अशांना आधी झोपेची तपासणी हवी. आणि श्वासासाठी खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं साधन दिलं असेल, तर त्याने सुरुवातीला सांधा दुखू शकतो. तेव्हा साधन कपाटात टाकून देऊ नका, दंतवैद्याकडून ते थोडं थोडं जुळवून घ्या.

अकरावा कानमंत्र : परत फिरता येईल तोच उपाय आधी

१९३४ साली अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातले कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी कानाची आणि जबड्याची ही लक्षणं मागच्या दाढा पडल्यामुळे होतात, असं मांडलं. त्यानंतर कितीतरी दशकं दंतवैद्यक दातांच्या चाव्यामागेच लागलं. दात घासून चावा ‘जुळवणं’, धडधाकट दातांवर टोप्या बसवणं, हे जबड्याच्या दुखण्यासाठी केलं गेलं. घासलेला दात परत उगवत नाही. निव्वळ जबड्याचं दुखणं जावं म्हणून कुणी हे सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

२०२३ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलने जुनाट जबडेदुखीबद्दल आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना छापल्या. त्यांत वर्तनोपचार, शिकवून करून घेतलेले जबड्याचे आणि शरीराच्या ठेवणीचे व्यायाम, जाणकार हातांनी केलेलं मालीश आणि घरी करायच्या साध्या गोष्टी यांना ठाम पाठिंबा आहे. चावा कायमचा बदलणारी साधनं, चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आणि वेदनाशामकांबरोबर अफूवर्गीय औषधं यांना ठाम विरोध आहे. काढता-घालता येणाऱ्या गार्डचाही जुनाट दुखण्यासाठी सरसकट वापर करू नये, असाच त्यांचा कल आहे. दात झिजत असतील तर गार्ड दातांना वाचवतो, पण त्याने दात खाणं बंद होत नाही. घ्यायचाच झाला तर आपल्या दातांच्या मापाचा, दंतवैद्याकडून करून घेतलेला घ्या.

नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी दात आवळणं वाढू शकतं. तसं वाटलं तर गोळी स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना सांगा. कवळी वापरणाऱ्यांनी ती रात्री काढून पाण्यात ठेवावी, आणि सैल झाली असेल तर बदलून घ्यावी.

बारावा कानमंत्र : या वेळी थांबायचं नाही

वय पन्नाशीच्या पुढे, चावताना जबडा भरून येतो, कानशिलावर नवी डोकेदुखी आणि नजर अंधुक, असं एकत्र आलं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. रक्तवाहिनीला सूज येण्याच्या त्या विकारात दृष्टी कायमची जाऊ शकते. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो, छातीत दाटतं, घाम फुटतो, तर ते हृदयाचं असू शकतं. जखम झाल्यानंतर काही दिवसांनी दातखीळ बसायला लागली तर धनुर्वाताची शंका घ्या. तोंड उघडलं ते मिटत नाही किंवा मिटलं ते उघडत नाही, गालावर सूज आणि ताप, विजेचा झटका बसावा तशी कळ, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, यांतलं काहीही शेकून बरं होणार नाही.

खासगीत खर्च झेपत नसेल तर सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला राज्य शासनाची, मुंबईतच महापालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, आणि गोव्यात बांबोळीला. तिथे ‘ओरल मेडिसिन’ विभागात दाखवा.

पोरांनो, जबड्याचं दुखणं बहुतेकांना साध्या, सातत्याने केलेल्या उपायांनी उतरतं. त्याला काही आठवडे द्यावे लागतात आणि झोपेला त्यात बरोबरीची जागा द्यावी लागते. यापुढे दंतवैद्याकडे गेलात तर त्यांनी विचारलं नाही तरी आपल्या झोपेबद्दल सांगा, आणि झोपेच्या डॉक्टरकडे गेलात तर आपल्या जबड्याबद्दल.